पाच नंबरची वीज

वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. कधी शॉक बसला होता का, आणि मीटर हळू फिरवता येतं का. पहिल्याचं उत्तर 'हो' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर मी नोकरीत असताना दिलं नाही, आता तर पेन्शन चालू आहे. मला मात्र फार वाटतं, कुणीतरी एकदा टॅपबद्दल विचारावं. माझ्या उमेदीची चांगली वर्षं त्या टॅपनं खाल्ली आणि माणसांबद्दल मला जे काही थोडंफार कळलं, तेही त्याच्याच पायी. कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो.

आमचं घर तुळजापूरचं, पुजाऱ्याचं. भावकीतले सगळे देवीच्या सेवेत. मी सोलापूरला जाऊन वायरमनची परीक्षा दिली आणि खात्यात चिकटलो, तेव्हा माझे चुलते म्हणाले, "आपल्या घरात मानसं देवळाच्या पायऱ्या उतरून पोट भरत्यात. ह्यो एकटाच खांबावर कशाला चढायलाय?" त्यांना वाटायचं, पोरगं वाया गेलं. मला वाटायचं, देवीला निदान व्होल्टेज कमी पडल्याची तक्रार कुणी करत नाही, तेव्हा खरी कठीण सेवा माझीच.

निजामाचं राज्य जाऊन आम्ही आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आलो होतो. त्यापाठोपाठ गावोगाव वीज येत होती. माझं ठाणं कळंबला होतं. तिथून सायकलवर जाता येईल अशा एका बाजारगावात ही हकीकत घडली. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या माणसांची नातवंडं आता मोठी झाली आहेत आणि वाचताही येतं त्यांना.

आधी टॅप म्हणजे काय ते सांगून टाकतो. गावात दोन खांबांच्या मधे लोखंडी पेटी बसवलेली असते, तिला लोक डीपी म्हणतात. ती म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तिच्यात एका बाजूनं अकरा हजार व्होल्ट शिरतात आणि दुसऱ्या बाजूनं घरात वापरता येतील एवढे बाहेर पडतात. आत भुताटकी काही नाही. तेलात बुडवलेली तारेची वेटोळी असतात, एक पुष्कळ वेढ्यांचं, दुसरं थोड्या वेढ्यांचं, आणि वेढ्यांच्या हिशोबानं व्होल्ट उतरतात. पण लाइन लांबून येते आणि येता येता दमते. म्हणून पुष्कळ वेढ्यांच्या वेटोळ्याला जागोजाग फाटे काढून ठेवतात. ते फाटे म्हणजे टॅप. पेटीच्या अंगावर एक हँडल आणि त्याच्यापुढं एक ते पाच आकडे. हँडल पुढच्या आकड्यावर नेलं की आतले थोडे वेढे वगळले जातात आणि गावाला व्होल्ट किंचित वाढून मिळतात. एका आकड्याला घरामागं पाच-सहा व्होल्ट, बस. कमरेच्या पट्ट्याला भोकं असतात तसला प्रकार. एक भोक सैल केलं तर श्वास घ्यायला बरं पडतं, पोट काही कमी होत नाही.

आणि हे हँडल चालू विजेवर फिरवायचं नसतं. फिरवलं तर आत ठिणगी पडून वेटोळं जळतं आणि फिरवणाराही बचावेलच असं नाही. आधी गावाची वीज तोडायची, वरची लाइन तोडायची, तारा जमिनीला जोडायच्या, मग वर चढायचं. म्हणजे टॅप बदलायचा तर सगळं गाव बंद. त्यामुळं कुणाच्याही नकळत टॅप बदलता येत नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

त्या गावात डीपी बसली ती माणिकरावांच्या पिठाच्या गिरणीला लागून. माणिकराव सरपंच. वडील निजामाच्या वेळचे मालीपाटील, गावचा सारा गोळा करणारे, त्यामुळं गावात पान हललं तरी आधी त्यांना विचारून हलायचं. डीपीसाठी जागा त्यांनी दिली आणि तिचा मानही घेतला. उद्‌घाटनाला नारळ मी फोडला, कारण पुजाऱ्याचा मुलगा असलेला वायरमन मिळणं खात्याला फार सोयीचं वाटलं. पाहुणे भाषणात म्हणाले, विजेला जात नसते. टाळ्या पडल्या. पाहुणे म्हणाले ते खरंच आहे. विजेला जात नसते, तिला अंतर असतं. गावानं वस्ती जिथं ठेवली होती तिथपर्यंत पोचेतो ती थकून जायची.

वस्ती ओढ्यापलीकडं, लाइनीच्या अगदी टोकाला. तिथल्या लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, गाव मात्र त्यांना जुन्याच नावानं हाक मारायचं. पेठेत, डीपीच्या आसपास, बल्ब लख्ख. वस्तीत बल्बमधली तार नुसती लाल दिसायची. तो लागलाय की नाही हे बघायला काडी ओढावी लागायची.

या वस्तीत अनुसयाबाईंनी पिठाची चक्की टाकली. त्यांचे मालक सोलापूरच्या कापडगिरणीत होते. त्यांनी जुनी मोटर आणि जुनी चक्की मिळवून बैलगाडीतून गावी आणून बसवली आणि ते परत कामावर गेले. चक्की बाईच चालवत. गावात माणिकरावांची गिरणी असताना ही उठाठेव कशासाठी, असं मला आधी वाटलं होतं. मग कळलं, माणिकरावांच्या गिरणीत वस्तीचं दळण सगळ्यांच्या शेवटी, मागल्या दारानं. डबा भुईवर ठेवायचा आणि लांब उभं राहायचं. पेठेचं दळण सरलं नाही तर डबा तसाच परत, आणि घरी गेल्यावर बायांनी पुन्हा जात्याला बसायचं.

तक्रार आली म्हणून मी चक्की बघायला गेलो, तर अनुसयाबाई आणि त्यांची जाऊ अशा दोघी मोटरीचा पट्टा हातानं ओढत होत्या. मोटर नुसती घुमत होती, उचल घेत नव्हती. दोघींनी जोर लावून पट्टा फिरवला तेव्हा कुठं ती चक्कीसकट हळूहळू चालायला लागली.

"अहो, काय करताय हे? पट्ट्यात हात जाईल," मी म्हणालो.

"मग काय करावं सायेब? तुमची वीज आमच्या दारात येऊन निस्ती कण्हती," अनुसयाबाई म्हणाल्या. "हिला ढकलल्याबिगर ही उठतच न्हाय."

जातं ओढायचं सुटावं म्हणून वीज आली, आणि त्या विजेलाच ओढायला दोन बाया लागत होत्या. मी मोटरीला हात लावला. हात ठेववेना इतकी तापली होती. मोटर अशी अडून घुमत राहिली की आतल्या तारांवरचं वार्निश भाजायला लागतं. तो वास येतच होता.

"अशी चालवाल तर जळेल ही," मी म्हणालो.

"जळली तर मालक दुसरी कुठनं आणत्याल? मग हायच की मागलं दार." त्यांनी एवढंच म्हटलं आणि त्या डब्यात पीठ भरायला लागल्या. त्यांच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. म्हणूनच मला ते फार लागलं. चहा त्यांनी विचारला, मी प्यायलो. ती बातमी माझ्या सायकलीच्या आधी पेठेत पोचली होती.

त्याच दिवशी लाइन बंद करून मी टॅप तीनवरून पाचवर नेला. चक्की हात न लावता फिरली. अनुसयाबाई पट्ट्याकडं बघत नुसत्या उभ्या होत्या. पण डीपीजवळ आधीच व्होल्ट जास्त होते, ते आता आणखी चढले. पेठेत बल्ब पटापट जायला लागले आणि माणिकरावांच्या रेडिओचा व्हॉल्व्ह गेला. बल्बांचं लोकांनी सहन केलं असतं, रेडिओचं झालं नाही. कळंबहून आमच्या साहेबांचा निरोप आला, टॅप परत तीनवर घ्या. घेतला. दोघींनी परत पट्टा धरला. मग वस्तीचे लोक साहेबांना भेटले, टॅप पाचवर गेला. माणिकराव भेटले, खाली आला. शेवटी साहेब म्हणाले, मधला मार्ग काढ, चारवर ठेव. मधल्या मार्गानं बल्बही जात राहिले आणि मोटरही उठेना. आमच्या खात्यात त्याला तोडगा म्हणत.

प्रत्येक वेळी गाव बंद करून मी त्या हँडलाशी खटपट करताना खाली बघे जमत. मी पेटीशी नेमकं काय करतो याचं गावाला कोडं पडलं होतं. साहेब कंटाळले होते. ते म्हणाले, "चावडीवर सभा घे, सगळं समजावून सांग, गाव ठरवेल तो नंबर ठेव." माणसाला नीट समजावून सांगितलं की त्याला नीट समजतं, अशी त्या वयात साहेबांचीही समजूत होती आणि माझीही.

चावडी भरली. पेठेतली मंडळी आत, वस्तीची बाहेर लिंबाखाली. अनुसयाबाई सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या. मी वेटोळी सांगितली, वेढे सांगितले, पट्ट्याची भोकं सांगितली, एक ते पाच आकडे सांगितले. लोक माना डोलवत होते. मला वाटलं, जमलं.

माणिकराव म्हणाले, "आत्ता आमाला कंचा नंबर हाय?"

"सध्या चार आहे. त्याआधी तीन होता."

"आन पाच कवा व्हता?"

"चक्की उठत नव्हती तेव्हा ठेवला होता."

"म्हंजे वस्तीला पाच आन पेठंला तीन." माणिकरावांनी आजूबाजूला बघितलं. "ऐका. वायरमनच म्हनला, म्या न्हाय म्हनलो."

मी सांगितलं की हँडल एकच, नंबर एकच, सगळ्या गावाला तोच. ते कुणाला पटलं नाही. एका सरकारी पेटीतून सगळ्यांना सारखंच मिळतं, हे त्या चावडीत आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. एक म्हातारबाबा उठून म्हणाले, "तीन नंबर काय असतो ते म्या येडशीला रेल्वेत बघितलाय. लाकडी बाक असतो." त्याच रेल्वेत पाच नंबरचा डबाच नव्हता आणि एक नंबर सगळ्यात भारी होता, ही गोष्ट त्यांना आठवली नाही आणि मीही तिची आठवण करून दिली नाही.

"बल्ब जातील मालक," मी माणिकरावांना म्हणालो. "रेडिओ परत जाईल."

"जाऊ द्या. बल्बाचं काय लावलंव? सवाल इज्जतीचा हाय. पेठंला पाचच पायजे."

हात वर झाले. पेठेनं एकमतानं पाच नंबर मागून घेतला. मी बाहेर बघितलं तर अनुसयाबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की काय, मी विचारलं नाही. माझ्या सगळ्या अर्जविनंत्यांनी जे झालं नव्हतं ते माणिकरावांच्या इज्जतीनं झालं. मी लाइन बंद केली आणि टॅप पाचवर नेला.

त्यानंतरचे थोडे दिवस फार सुखाचे गेले. चक्की चालायची. पेठेत बल्ब फुटायचे आणि ज्याच्या घरी फुटला तो ओट्यावर बसून सांगायचा, "पाच नंबर हाय, बल्बाला सोसत न्हाय." एका दुकानदारानं तर गेलेले बल्ब फळीवर ओळीनं मांडून ठेवले होते.

मग कुणीतरी माणिकरावांना सांगितलं की वस्तीतली चक्कीसुद्धा जोरात चाललीय. त्यांनी मला बोलावणं पाठवलं. गिरणीत ते एकटेच होते.

"आमाला पाच दिला त्ये बरं केलं. आता त्यांचा काढून घ्या."

"काढता येत नाही मालक. हँडल एकच आहे. तीच वीज, तीच तार. तुमच्या गिरणीवरून ओढ्यापलीकडं जाते."

"माझ्या मोटरीत आन त्या बाईच्या मोटरीत एकच करंट?"

"एकच."

ते वरच्या तारांकडं बोट करून म्हणाले, "पर निस्ती जातीच ना? हितनं तिकडं?"

इथं मला गप्प बसता आलं असतं. पण शास्त्राशी खोटं कसं बोलणार? मी म्हणालो, "नाही. विजेला दोन तारा लागतात. एकीनं जाते, दुसरीनं परत येते."

"तिकडून?"

"तिकडून."

"त्यांच्या घरातनं निघून आमच्या दारात?"

"डीपी तुमच्याच दारात आहे मालक. तिला दुसरीकडं जायला जागा नाही."

माणिकरावांचा चेहरा उतरला. आयुष्यभर सांभाळलेली गोष्ट करंगळीएवढ्या जाडीच्या तारेनं रोज बाटत होती, आणि तीही त्यांनी स्वतः दिलेल्या जागेत. मला म्हणाले, "तुमी तर देवीच्या पुजाऱ्याच्या घरचे. तुमाला ह्ये ठावं असून तुमी बोलला न्हाईत?" मी म्हणालो, "परीक्षेतच शिकवतात. मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल."

दुसऱ्याच दिवशी ते पहिल्या यष्टीनं धाराशिवला गेले. काय केलं, कुणाकुणाला भेटले, देव जाणे. पण वस्तीला स्वतंत्र डीपी मंजूर झाली. त्यांच्या दरखास्तीत लिहिलं होतं की ओढ्यापलीकडच्या बांधवांची कमी दाबामुळं फार गैरसोय होत असून माता-भगिनींचे हाल बघवत नाहीत. आमचे साहेब भारावून गेले. मला म्हणाले, "बघ, असे सरपंच गावोगाव निघाले तर देश कुठल्या कुठं जाईल." मी म्हणालो, खरं आहे.

आणि विचित्र गोष्ट अशी की इलाज म्हणून तो अगदी बरोबर होता. टॅप फिरवून वीज वाढत नाही, फक्त कमतरता इकडची तिकडं होते. खरा उपाय एकच, डीपी जवळ आणणं. मी ते साहेबांना सुरुवातीपासून सांगत होतो, वस्तीचे लोक मागत होते, आणि कुणी हलत नव्हतं. विटाळाला भिऊन एक माणूस धाराशिवला गेला आणि काम झालं. गावात पाणवठे दोन होते, मसणवटे दोन होते, आता डीपीही दोन झाल्या. खांब उभे करताना मला आनंद होत होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. आजही वाटते.

नव्या डीपीला पाहुणे आले नाहीत, भाषण झालं नाही. दिवस मावळायला आला होता. बाया शेतातून येऊन दळणाचे डबे घेऊन चक्कीपुढं बसल्या होत्या. मी टॅप तीनवर ठेवून वीज सोडली. अनुसयाबाईंनी बटण दाबलं. मोटरीनं एका दमात उचल घेतली. जाऊबाईंचा हात सवयीनं पट्ट्याकडं गेला आणि मधेच थांबला. त्यांनी तो पदराला पुसला.

मी आवराआवर करत होतो. डीपीच्या शेजारच्या घरातले दोन-तीन कर्ते पुरुष जवळ आले. म्हणाले, "वायरमन, ह्यो तीनावरच राहू द्या. पाचावर नेला तर आमचे बल्ब जातील." त्यांचं बरोबरच होतं. डीपी आता त्यांच्या दारात होती. पेठेत ऐकलेलं तेच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. म्हणालो, "ठीक आहे, तीनवर ठेवतो."

अनुसयाबाई पिठानं भरलेल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी मला वस्तीच्या पलीकडं बोट करून दाखवलं. नवी लाइन दगडाच्या खाणीपर्यंत गेली होती आणि शेवटच्या खांबावर रस्त्याचा एकच दिवा होता. चक्की चालू झाल्यापासून तो लाल पडला होता.

"त्या दिव्याखाली कोण हाय, ठावं हाय का सायेब तुमाला?"

मला माहीत नव्हतं. तो शेवटचा खांब ठेकेदाराच्या माणसांनी उभा केला होता, मी तिथपर्यंत गेलोच नव्हतो.

"वडारांची पालं हायेत. त्यांच्या बाया दिसभर खडी फोडून येत्यात आन त्या उजेडाला भाकरी करत्यात. माझी चक्की चालली की त्यास्नी तवा दिसंना झालाय. पाचावर करा."

"आन आमचे बल्ब?" शेजारचा एक जण म्हणाला.

"माझं घर तर डीपीच्या बुडालाच हाय. आधी माझाच जाईल," अनुसयाबाई म्हणाल्या.

तो पेटीपासून बाजूला झाला. मी परत वीज तोडली, तारा जमिनीला जोडल्या आणि वर चढून हँडल पाचवर नेलं. खाली उतरून वीज सोडली तेव्हा खाणीकडचा दिवा पांढरा झालेला दिसला. पुढच्या खेपेला मी गेलो, तेव्हा अनुसयाबाईंच्या घरात कंदील होता. टॅप बदला म्हणून माझ्याकडं आलेली माणसं मी नोकरीभर बघितली. आपला दिवा जाणार हे माहीत असून आलेली ती एकच बाई.